साहेबांच्या नावाची गोगलगाय

मेलेल्या गोगलगायीचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही. उंदीर मेला तर शोधून फेकता येतो, मासा कुजला तर मांजर तरी येतं. गोगलगाय मात्र शंखात शिरून, वरून झाकण ओढून घेऊन निवांत कुजते, आणि आपल्याला कळतं ते पाण्यावर तवंग धरल्यावर. इतकी वर्षं मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, मुलींच्या हातात शंख देते, 'अगं घाबरतेस काय, चावत नाही ती' म्हणून रागावते. पण खरं सांगायचं तर मला स्वतःला या प्राण्याची पहिल्या दिवसापासून किळस आहे. त्यातही त्या एका वर्षात ती इतक्या बाजूंनी अंगावर आली की अजून मधूनच तोंडाला पाणी सुटतं, ओकारी यायच्या आधी सुटतं तसं. ते वर्ष एकदा लिहून मोकळी होते.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं एक विषय घेऊन प्रबंध लिहायचा असे. मला फुलपाखरं हवी होती. ती सरांनी दुसऱ्या मुलीला दिली आणि माझ्या माथी गोगलगायी मारल्या. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायची सवय. आपल्यामागं कुणी मोठा माणूस उभा आहे की काय असं वाटून मी सुरुवातीला मागं वळून बघायची. कॉलेज सांगलीत होतं, मी हळदीच्या पेठेमागं एका खोलीत राहायची, पण माझं गाव उंब्रजजवळ, कृष्णेच्या काठावर. गावाच्या एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला साखर कारखान्याच्या खालून येणारा ओढा. 'तुझं बरं आहे, घरचाच माल,' सर म्हणाले. नदीतली गोगलगाय उभट, हिरवट, अंगावर काळसर पट्टे, शंख पातळ. ओढ्यातली बुटकी, जाड, काळपट, शेंड्याला झिजलेली, पट्टे असले तर असले. नुसत्या नजरेला दोन निराळे प्राणी वाटावेत. हा फरक रक्तातला की पाण्यातला, एवढंच मला शोधायचं होतं.

शोधायचं म्हणजे पाळायच्या. नदीतल्या काही माद्या नदीच्या पाण्यात ठेवायच्या, काही ओढ्याच्या पाण्यात, ओढ्यातल्यांचंही तसंच, आणि त्यांची पिल्लं वाढून कशी दिसतात ते बघायचं. सुरुवातीला मी टब सांगलीच्या खोलीत मांडले. घरमालकिणीनं तिसऱ्या दिवशी नाकाला पदर लावून मला बाहेर काढायची भाषा केली, म्हणून सगळा पसारा एसटीनं परत गावी निघाला. कराडला गाडी बदलताना एका डब्याचं झाकण निसटलं आणि शेजारच्या बाईच्या मांडीवर ओढ्याचं काळं पाणी सांडलं. ती उतरेपर्यंत माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

आमच्या घरी आईच्या गळ्यात माळ. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेत असताना सगळं खाऊन आलेले, पण पेन्शन घेऊन घरी आले ते आईच्या धाकानं माळकरी होऊनच. अशा घराच्या मागच्या पडवीत मी टब आणि रंगाचे रिकामे डबे ओळीनं मांडले. आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. 'शिकाय पाठिवली तर वशाट घिऊन आली घरात,' ती म्हणाली. 'उद्या सासरी जाताना काय बेडकं न्हेनार हायेस रुखवतात?' पडवीत जायची वेळ आली तर ती पदर सावरून भिंतीकडनं जाई आणि आल्यावर पाय धुई. टबांतून दिवसभर शंख कडेला आपटल्याचा बारीक टकटक आवाज येई. हायवेकडून उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी, मधूनच कारखान्याचा भोंगा, आणि वारा फिरला की मळीचा गोडसर, आंबूस वास. तो वास आणि टबांचा वास एकत्र झाला की माझं डोकं धरायचं.

थंडीत आई घुटं करायची. उडदाची डाळ शिजवून चांगली घोटायची, वर लसूण-मिरचीची फोडणी, आणि तव्यावरची भाकरी सरळ ताटात. लहानपणी मी ते वाटीनं प्यायची. त्या वर्षी मात्र पळीतून घुट्याची तार लोंबली की मला टबाच्या कडेवरचा चिकटा दिसायचा आणि घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. मी ताट सरकवलं तेव्हा आईला लय लागलं. 'माज्या हातचं घुटं सोडलं पोरीनं, त्या घाणीपायी,' ती आबांना म्हणाली. तेव्हापासून मी घुटं खाल्लेलं नाही. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

या गोगलगायी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लांना जन्म देतात. ज्वारीच्या दाण्याएवढं पिल्लू, शंखासकट. दिवाळीच्या आसपास जन्मलेली पिल्लं संक्रांत उलटेपर्यंत चांगली नखाएवढी झाली आणि एका सकाळी पाणी बदलताना माझ्या लक्षात आलं की ओढ्यातल्या बुटक्या आयांची पोरं नदीच्या पाण्यात उभट निघाली आहेत, अंगावर स्वच्छ पट्टे घेऊन. उलट नदीतल्या देखण्या आयांची पोरं ओढ्याच्या पाण्यात बुटकी, जाडजूड. सगळी तंतोतंत नव्हे. मधली, धड इकडची ना तिकडची अशीही होती. पण रोख स्पष्ट होता. सरांनी ओळखीनं थोडे नमुने पुण्याच्या एका प्रयोगशाळेत डीएनए बघायला दिले होते. त्यांचंही तेच आलं: एकच प्रजाती. ओढ्यातल्याच दोन गोगलगायींत आपसात जेवढा फरक, तेवढाच ओढ्यातल्या आणि नदीतल्या गोगलगायींत. किळस होती ती होतीच, तरी त्या दिवशी मी टबांपुढं उकिडवी बसून एकटीच हसत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला एक खरी गोष्ट कुणाच्या पुस्तकातून नव्हे, स्वतःच्या हातानं कळली होती.

सांगलीला गेले ती शंखांच्या पिशव्या घेऊनच. सरांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरायला लावलं. उभट एका बाजूला, बुटके दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये मधल्यांचा मोठा ढीग झाला. 'हे कशाला आणलेस?' सरांनी विचारलं. मी म्हटलं, 'सर, ओढा जिथं नदीला मिळतो तिथले आहेत हे. इकडून तिकडं जाताना शंख कसा बदलत जातो ते यांच्यावरूनच कळतं.' ते म्हणाले, 'यांच्यामुळं वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.' त्यांनी मधले शंख हातानं ओढून कचऱ्याच्या डब्यात लोटले. मग हात रुमालाला पुसला आणि त्याच हातानं कपाटातला पेढा काढून माझ्यापुढं धरला. 'अभिनंदन. तू नवीन प्रजाती शोधलीस.' मी पुण्याचं काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, 'पुण्याच्या लोकांना आपल्या ओढ्यातलं काय कळतंय?' पेढा मी बाहेर जाऊन गटारात टाकला आणि नळावर हात पुन्हा पुन्हा धुतले.

यामागं साहेब होते. साहेब म्हणजे कारखान्याचे चेअरमन आणि आमच्या शिक्षणसंस्थेचेही अध्यक्ष. त्यांचा अमृतमहोत्सव तोंडावर आला होता. कुणी रक्तदान ठेवलं होतं, कुणी शर्यती. सरांनी काढलेली भेट कुणालाच सुचली नसती: ओढ्यातल्या गोगलगायीला साहेबांचं नाव. आमच्या कॉलेजात प्राचार्यांची जागा रिकामी होणार होती, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. आणखीही एक गोष्ट होती, ती मात्र कुणी तोंडातून काढत नव्हतं. गोगलगाय वेगळी ठरली तर ती मुळातच तशी, असं म्हणता येत होतं. एकच ठरली तर ओढ्याच्या पाण्यानं तिची ही दशा का केली, हे विचारावं लागलं असतं, आणि ओढ्यात कारखान्याशिवाय दुसऱ्या कुणाचं पाणी येत नव्हतं.

हायवेला पुलाजवळ फ्लेक्स लागला. साहेब हात जोडून, खाली कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यांची रांग, आणि कोपऱ्यात गोगलगाय. तीसुद्धा कुणीतरी इंटरनेटवरून उचललेली, बागेत फिरणारी, परदेशी. तिचा आणि ओढ्याचा सात जन्मांत संबंध आला नसेल. विरोधी गटातली पोरं फ्लेक्सखाली उभी राहून 'गोगलगाय अन् पोटात पाय' म्हणून फिदीफिदी हसायची, पण आवाज खाली ठेवून, कारण ऊस त्यांच्याही घरचा उभा होता. आजही एखाद्या चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स दिसला की मी आधी कोपरा बघते.

शोध विद्यार्थिनीनं लावला म्हणून स्टेजवर मीच दोन शब्द बोलायचे ठरले होते. मी सरांना सांगितलं की मला हे बोलता येणार नाही, कारण ते खोटं आहे. तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी डोक्यावरून न बघता सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं. 'तुझ्या वडलांचा ऊस कुठं जातो गं?' त्यांनी विचारलं. मी सांगितलं. 'आपल्याच कारखान्याला. बरं,' ते म्हणाले. 'आणि प्रबंधावर सही माझी लागते, ते तुला माहीत आहेच.' एवढंच. आवाज चढला नाही, काही नाही.

उसाच्या मुलखात न वाढलेल्या माणसाला तो प्रश्न साधा वाटेल. आमच्याकडं ऊस आपला असला तरी तोडणारी टोळी कारखान्याची असते. ज्याची लागण आधी त्याची पाळी आधी, असा नियम. पण टोळी कुठल्या रानात शिरणार हे ठरवणार कारखाना. पाळी चुकली की ऊस वाळत जातो, तुरे येतात, वजन घटतं, तोडीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारा खोडवा लांबतो, आणि वर्षाची मेहनत उभ्या जागी हलकी होते. त्या आठवड्यात टोळीनं आमच्या शेजारचं रान तोडलं, आमचं सोडलं आणि पलीकडच्या रानात कोयते लावले. आबा बांधावर उभे राहून नुसते बघत होते.

तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला चिटबॉय म्हणतात. आमचा चिटबॉय चांगला पन्नाशीचा होता, मिशा रंगवायचा. तो संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसला. 'आबा, माज्या हातात काय न्हाई बगा,' तो म्हणाला. 'वरनं निरोप हाय. पोरीला म्हनावं दोन शब्द बोल, शाल-नारळ घे आन् घरला जा. तुमचा ऊस दुसऱ्या दिशी तुटतोय. माजा शब्द हाय.' आईनं त्याला चहा दिला. त्यानं तो बशीत ओतून फुर्र करून प्यायला आणि रंगवलेल्या मिशा जिभेनं चाटल्या. मला आत बसून ते दिसत होतं.

तो गेल्यावर आबा मला म्हणाले, 'सुरे, चल. मला दाव, खरं काय हाय त्ये.' आम्ही पडवीत गेलो. मी एक बुटकी आई आणि तिचं उभट, पट्ट्यांचं पोर त्यांच्या तळहातावर ठेवलं, मग दुसऱ्या टबातली उलटी जोडी. आबांनी ती उजेडाला धरून नीट बघितली. 'म्हंजी ही हिची पोर?' 'व्हय.' 'आन् ही त्या नदीतलीची?' 'व्हय, आबा.' 'म्हंजी जात एकच. पान्यानं येगळी दिसत्यात,' ते म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी त्यांचा दंडच धरला. आबांनी गोगलगायी हलकेच ज्याच्या त्याच्या टबात सोडल्या, हात झटकले आणि म्हणाले, 'मग एकच हाय. पर सांगताना दोन सांग.'

'आबा!'

'काय बिगाडतंय? गोगलगाय काय कोर्टात जातीया व्हय?'

'मी खोटं न्हाई बोलनार.'

'उसाला तुरं आल्यात, पोरी. तुजी खोली, तुजी पुस्तकं, समदं त्याच रानातनं आलंय.'

त्यांना कळलं नसतं तर मला राग आला नसता. सगळं नीट समजून घेऊन, माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगून मग ते तसं म्हणाले, त्याची मला शिसारी आली. पडवीतल्या कुठल्याही टबाची कधी आली नव्हती तेवढी. त्यानंतर कार्यक्रमापर्यंत मी आबांशी बोलले नाही, आणि आई आम्हाला वेगवेगळ्या वेळी वाढत राहिली.

कार्यक्रमाच्या दिवशी मी निघाले नाही. दुपारी आबांनी पांढरा पायजमा-सदरा चढवला, टोपी घातली आणि काही न सांगता बाहेर पडले. मला संशय आला. मी त्यांच्या मागोमाग गेले आणि मांडवात बायकांच्या पाठीमागं उभी राहिले. बरीच भाषणं झाली. मग सरांनी माझं नाव घेतलं, विद्यार्थिनी आजारी असल्याचं सांगितलं आणि आबांना वर बोलावलं. अंगावर शाल पडली, हातात नारळ आला, पुढं माइक आला. 'माजी पोरगी आजारी हाय म्हनून मी आलोय,' आबा म्हणाले. 'लय म्हेनत घेतली पोरीनं. ही ओढ्यातली गोगलगाय जगात दुसरीकडं कुटं न्हाई. तिला साहेबांचं नाव दिलं, ह्यो आमच्या घराचा मान हाय.' एकदासुद्धा अडखळले नाहीत. टाळ्या पडल्या, साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, आणि आबा हसले. मी आबांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. कुणा कार्यकर्त्यानं माझ्या हातात जिलबीची प्लेट कोंबली. पाक बोटांना चिकटला, वर माशी बसली, आणि मी मांडवाच्या मागं जाऊन पोटात होतं नव्हतं तेवढं ओकले.

आबा दिवेलागणीला घरी आले. शाल घडी करून खुंटीला अडकवली, नारळ देवापुढं ठेवला, घडवंचीवरचा तांब्या घेतला. मी दारात उभी होते.

'लाज न्हाई वाटली, आबा?'

'वाटली की,' ते म्हणाले. पाणी प्याले, तोंड पुसलं. 'आपल्यातल्या एकाला बोलायच लागनार हुतं. म्या बोललो. आता तुज्यावर कुनाचं काय न्हाई. तुजं तू खरं लिव.'

कुणी म्हणेल, बापानं केवढं केलं. मलाही ते कळतं. पण तरी त्या हसण्याची किळस गेली नाही. दोन्ही गोष्टी माझ्यापाशी आहेत.

दुसऱ्या दिवशी टोळी आमच्या रानात शिरली. मी पडवीत बसून लिहायला घेतलं. ओढा नदीला मिळतो तिथं पुन्हा जाऊन, गुडघाभर काळ्या पाण्यात उभी राहून, फेकलेल्या मधल्या शंखांच्या बदल्यात नवे गोळा केले. त्यांची मापं, त्यांचे पट्टे, पिल्लांचा सगळा प्रकार, पुण्याचा निकाल, आणि ओढ्याच्या पाण्यात काय येतं तेही लिहिलं. निष्कर्षात लिहिलं: प्रजाती एकच. आबांनी ज्याच्यासाठी तोंड विटाळलं होतं त्यातलं एक अक्षर वाया जाऊ द्यायचं नाही, असं मनाशी धरून मी लिहीत होते.

मग तो प्रबंध घेऊन सांगलीला गेले. सर कुठं अडवतील, काय विचारतील, मी काय उत्तर देईन, हे गाडीत पाठ करत होते. सर आता प्राचार्यांच्या खोलीत बसत होते. टेबलावर सुकलेले पुष्पगुच्छ होते आणि फोन चालू होता. त्यांनी फोन कानाला धरूनच हात पुढं केला, शेवटचं पान काढलं आणि सही केली. मला वाटलं, त्यांच्या लक्षात आलं नाही. फोन संपल्यावर मी म्हटलं, 'सर, निष्कर्ष एकदा बघा. मी एकच प्रजाती लिहिली आहे.'

'लिही ना,' ते माझ्या डोक्यावरून दाराकडं बघत म्हणाले. 'कार्यक्रम झाला की आता. हे कोण वाचणार आहे?'

ते बरोबर बोलत होते. तो प्रबंध कुणी वाचला नाही. साहेबांच्या नावाची गोगलगाय जगातल्या कुठल्या शास्त्राच्या पुस्तकात गेली नाही, आणि ओढ्याचं पाणी त्या वर्षी जसं होतं तसंच पुढंही राहिलं. खरं सांगायची मुभा मला मिळाली होती, कारण ते कुणालाही नको होतं.

गावी उतरले तेव्हा आबा खोडव्याला पाणी देत होते. मला लांबून बघताच त्यांनी फावडं टाकलं आणि चिखलाच्या पायांनी बांधावर आले.

'किली सही?'

'केली.'

'वाचलं का त्यांनी? काय म्हनलं?'

कार्यक्रमानंतर ते माझ्या तोंडाकडं सरळ बघत नव्हते. आताही नजर माझ्या हातातल्या प्रबंधावर होती.

'समदं वाचलं, आबा,' मी म्हटलं. 'पार शेवटच्या पानापतूर. लय चिडलं. पर बोलाय जागाच न्हवती. मग गपगुमान सही केली.'

'आसंच पायजे,' आबा म्हणाले, आणि मान वर करून माझ्याकडं बघून हसले.